गुरगुरत पिणारी पोर

प्राजू, बाळंतपणासाठी म्हणून मी माहेरी आले आणि चौथ्याच दिवशी तीच बॅग उचलून परत निघाले, तो दिवस तुझ्याही लक्षात असेल. मला सातवा सरत आला होता, तुला सहावा. आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. माझ्या मांडीवर तिनं दिलेली पिशवी होती. तिच्यात डिंक, अळीव, मेतकूट आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. सगळी मिळून दुपटी बारा होती, मी घरीच मोजली होती. त्यातली सहा तुझ्यासाठी मागे ठेवली होती हेही पाहिलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा आई म्हणाली, "तुझ्याकडे काय गं, सगळ्या सोयी आहेत."

शेजारच्या काकूनं ते काढलं होतं, की एका छपराखाली दोन बाळंतिणी असू नयेत. आई एरवी काकूचं एक ऐकत नाही, पण त्या दिवशी तिनं मान हलवली. तुला डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, तुझा महेश बोटीवर. म्हणजे जायचं तर मीच. हे सगळं मला समजत होतं. मी काही मूर्ख नाही. तरी तू स्टँडवर आली नाहीस याचा राग मी चिपळूणपर्यंत धरून ठेवला आणि पुढे घाटात उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठे सोडला. वरसाव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर जागची हलली नाही. आमचा संदेश काशीमिऱ्याला रिक्षा घेऊन थांबला होता. त्यानं बॅगेकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्यासाठी मी अजून त्याची चार भांडणं माफ करते.

हे मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच फोन केला असतास. म्हणून कागदावर लिहितेय. पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

सोयी होत्या, आई काही खोटं बोलली नव्हती. नवघरला आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर हॉस्पिटल, खाली मेडिकल, घरात पाइपाचा गॅस. संदेश स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, सकाळी आठला गेला की रात्री आठला यायचा. सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर मी आणि सोयी. इतक्या सोयींतली एकही सोय मला 'जेवलीस का' असं विचारत नव्हती.

शर्वी झाली आणि तिच्यामागून महिन्याने तुझा रुद्र. तू माजघरात, आईनं पेटवलेल्या शेगडीपाशी, डोक्याला फडकं बांधून बसलेली. व्हिडिओ कॉलवर आई अर्धी तुझ्या खोलीत, अर्धी स्वयंपाकघरात. मला सांगायची, "रुद्र अगदी गुणाचा आहे बाई. तोंडात दिलं की डोळे मिटून पितो. हूं की चूं नाही." मी म्हणायचे, "हो का? छान." आणि फोन ठेवून उशीवर बुक्की मारायचे. सख्ख्या बहिणीच्या पंधरा दिवसांच्या बाळाचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार?

कारण माझी पोर गुणाची नव्हती. शर्वी पिताना गुरगुरायची. हळू नाही, चांगलं मोठ्यानं. भिंतीपलीकडच्या भाभींनी एकदा दार वाजवून विचारलं, "भाभी, मिक्सर खराब हुआ है क्या?" दोन घोट घ्यायची, सोडायची, मान मागे टाकून पंख्याकडे बघायची, मग उपाशी असल्यासारखी झडप घालायची. एका हातानं स्वतःचा कान ओढायची, दुसऱ्या हातानं मला थापडा. उजव्या बाजूला घेतलं की पाठीची कमान करून ओरडायची, डावीकडे तीच पोर खूश. पिता पिता तिचं डोकं घामानं थबथबायचं. दीड महिन्याची झाली तेव्हा तर मध्येच थांबून, तोंडात दूध तसंच ठेवून, माझ्याकडे बघून हसायला लागली. सगळं दूध माझ्या गाऊनवर. मला ते हसू गोड वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिलासुद्धा कळलंय की हिची आई परत पाठवलेली आहे.

उत्तनहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येणारी मावशी आहे. तुला ठाऊक आहे, जी बाळंतिणीला मुशीशिवाय दुसरं काही विकायलाच तयार नसते, कारण मुशीनं दूध वाढतं. ती पाटी उतरवून दारातच बसली आणि शर्वीचा सगळा तमाशा बघून म्हणाली, "गुरगुरते हाय मंजी पोटात जाते हाय. काय न्हाय होत तिला. माजा धाकटा तर चिमटं काढून प्यायचा, आता बोटीवर तांडेल हाय, आखी बोट चालवते."

माझं समाधान झालं नाही. मी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी शर्वीला काट्यावर ठेवलं, कान पाहिले, तोंडात बोट घालून टाळू पाहिली, मला समोरच पाजायला लावलं, आणि म्हणाल्या, "वजन मस्त वाढतंय. लंगोट किती ओले करते दिवसाला? सात-आठ? मग टेन्शन कसलं घेताय? काही मुलं अशीच पितात. ताप आला, पिणंच सोडलं किंवा वजन थांबलं तर लगेच या. नाहीतर तिला तिच्या पद्धतीनं पिऊ द्या."

आता पुढचं नीट वाच, प्राजू, कारण सांगायचं आहे ते एवढंच आहे.

त्या दुपारी घरी येऊन मी आईला फोन लावला. म्हटलं, पोर नीट पीत नाही. गुरगुरते, मान टाकते, अंग ताठ करते, उजवीकडे तोंड लावत नाही, कान ओढते, घामाघूम होते. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त डॉक्टर मॅडमचं बोलणं मी गिळून टाकलं. आईनं विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस?" मी म्हटलं, "दाखवलं. बघू म्हणाल्या." आणि रडले. रडणं खरं होतं. पण कधी रडायचं ते मी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आई दारात. तुझ्या बाळंतपणाला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पाज बघू." प्रवासभर ती उपाशी होती. ग्रामदेवतेला खण-नारळ बोलून आली होती, हे मला नंतर कळलं. मी शर्वीला घेतलं. कार्टीनं आज्जीसमोर एकही खेळ बाकी ठेवला नाही, गुरगुरली, थापडा मारल्या, पंखा पाहिला, हसली. आई वाकून बघत होती. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. म्हणाली, "ही तर पोटभर पितेय गं." आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शर्वीसारखंच पंख्याकडे पाहिलं.

"चहा टाक," आई म्हणाली.

चार दिवसांसाठी आली होती, नऊ दिवस राहिली. पाचव्या दिवशी निघाली तेव्हा मी कंबर धरून बसले. सातव्या दिवशी शर्वीची शी हिरवी असल्याचं सांगितलं. आईनं गॅसवर तवा ठेवून त्यावर फडकं तापवून मला शेकलं, डोक्यात तेल जिरवलं, लसणाची फोडणी दिलेला मऊ भात ताटलीत कालवून समोर ठेवला. मी इतकी सुखात होते की मला लाज वाटायला हवी होती. ती गॅलरीत उभी राहून रोज संध्याकाळी तुला फोन करायची. "जेवलीस का? शेक घेतलास का?" असं तुला विचारायची आणि मी आत बसून तुमचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघायचे. एकदा तर मनात आलं, शर्वीला बारीकसा चिमटा काढावा, म्हणजे आई फोन ठेवून आत येईल. काढला नाही. पण आलं होतं मनात, हे तुला सांगायलाच हवं.

निघताना रिक्षात बसता बसता आई म्हणाली, "नुसतं 'ये' म्हणाली असतीस तरी आले असते. घाबरवलंस कशाला?"

मी तीनदा 'ये' म्हटलं होतं, प्राजू. तीनही वेळा तिनं "तुझ्याकडे सोयी आहेत" असंच सांगितलं होतं. पण रिक्षा चालू होती, आणि ती इतकी दमलेली दिसत होती, की मी मान हलवली.

वर्षभरानं बाबा आमच्याकडे आले होते. शर्वीला मांडीवर घेऊन गप्पा मारता मारता त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, की आई इकडे असताना तुला चार दिवस तापानं फणफणत काढावे लागले. छातीत दुधाची गाठ धरली होती. रुद्र, तो गुणाचा रुद्र, तोंड लावून सोडून द्यायचा आणि काळानिळा होईपर्यंत रडायचा. काकूनं शेकून पाहिलं, मग बाबांनी तुला रिक्षात घालून गुहागरच्या दवाखान्यात नेलं. बाबा म्हणाले, "आईला कळवतो म्हटलं, तर प्राजू नको म्हणाली. म्हणाली, तिकडे ताईची पोर पीत नाहीये."

त्या दिवशी बाबांना मी वाढलं, पान लावून दिलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन वर्षं नाही सांगितलं. दर वेळी वाटायचं, जाऊ दे, पोरं मोठी झाली. शर्वी आता पोळी खाताना गुरगुरत नाही, फक्त मला उलट बोलते. आणि खरं सांगू का, त्या नऊ दिवसांचा पश्चात्ताप मला अर्धाच होतो. तुझ्या तापाचा होतो. आईला बोलावून घेतल्याचा होत नाही. पुन्हा तशी एकटी पडले तर पुन्हा खोटं बोलणार नाही, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही.

आता परवा तुझा फोन आला. दुसरं आहे, महेश परत बोटीवर जाणार, डॉक्टर म्हणाले मोठ्या हॉस्पिटलजवळ राहा. "ताई, मी तुझ्याकडे आले तर चालेल? आईलाही तिकडेच घेऊन येते." किती विश्वासानं विचारलंस. मी लगेच "ये" म्हटलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. हे न सांगता तुला या घरात घेतलं असतं तर तुझ्या ताटात वाढताना मला तुझ्याकडे बघता आलं नसतं. म्हणून हा कागद. वाचून यावंसं नाही वाटलं तर येऊ नकोस, मी काकूसमोरसुद्धा तुला दोष देणार नाही.

आलीस तर आतली खोली तुझी. आई तुझ्यापाशी झोपेल, आम्ही तिघं बाहेर. 'गाव कुठलं' असं इथे कुणी विचारलं तर मी अजून गुहागरच सांगते, पण घर म्हटलं की आता मला ना गावचा ओटा दिसतो, ना हा नवघरचा तिसरा मजला. आई पदराला हात पुसत जिथे 'पाज बघू' म्हणते तेवढी जागा म्हणजे घर. आई एक आहे आणि आपण दोघी, सगळी अडचण तिथेच आहे. ती तुझ्या डोक्यात तेल घालेल आणि मी बाहेर भाजी निवडत जळत बसेन. जळेन, पण आवाज करणार नाही.

फक्त एक कर. बाळ कसंही पिऊ दे, गुरगुरू दे, लाथा मारू दे, मी शेजारी बसून तुला हसवेन. पण तुला ताप आला, छातीत दुखलं, तर दडवू नकोस. पहिलं मला सांग. आईच्याही आधी मला.

तुझी,
ताई