पत्र्याच्या शेडचा आवाज

भूकंपानंतर आम्ही किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो, तेव्हा घरात तीनच माणसं उरली होती. आय, व्यंकटदादा आणि मी. बाबा ढिगाऱ्याखाली गेले होते. शेड दुपारी तव्यासारखं तापायचं आणि पहाटे पत्र्याला आतून घाम फुटायचा. मदतीचे ट्रक यायचे. एकदा आयनं दादाला चादरींच्या रांगेत उभं केलं, आणि तो तीन तारांची एक गिटार घेऊन परत आला. शहरातल्या कुणीतरी जुन्या कपड्यांबरोबर ती देऊन टाकली असावी. रांगेत ती कुणालाच नको होती.

आय कपाळावर हात मारून म्हणाली, "चादर आणाय पाठवलं तर लाकूड आणलास व्हय रे? चुलीत तरी घालता येईल म्हणा."

"घाल की," दादा म्हणाला. "आधी मला वाजवू दे."

ती चुलीत गेली नाही. त्या शेडमध्ये, तीन तारांवर, दादा रेडिओवरची गाणी एक एक सूर शोधत वाजवायला शिकला. मी तेव्हा सात वर्षांची. त्या आवाजात मी पाढे पाठ केले.

दीड महिन्यापूर्वी मी लातुरात कॉलेजवर भौतिकशास्त्राचा तास घेत होते, तेव्हा नांदेडहून इरफानचा फोन आला. इरफान दादाचा शिष्य, त्याच्याबरोबर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. "ताई, उस्ताद..." एवढंच म्हणाला आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. दादा सकाळचा चहा घेऊन गिटारच्या तारा बदलत बसला होता. तिथंच त्याचं हृदय बंद पडलं. मी पोचले तेव्हा गिटार भिंतीला टेकवलेली होती. चार तारा नव्या होत्या, दोन जुन्याच.

दादा दहावीच्या पुढं गेला नाही. मला मात्र त्यानं शाळेतून हलू दिलं नाही. आधी लातुरातल्या बँजो पार्टीत, मग नांदेडच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवत राहिला आणि मी शिकत राहिले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी मिरवून सांगते, कारण निकालाच्या दिवशी दादानंही ते स्टेजवरून माइक घेऊन सांगितलं होतं. परक्या माणसाच्या लग्नात! नवऱ्या मुलाचं नाव विसरला, माझी टक्केवारी नाही विसरला.

त्याची एक सवय सगळ्या मराठवाड्यातल्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होती. कार्यक्रमाआधी आवाज तपासायची वेळ आली की तो गिटार दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मांडवाच्या मागं, आचाऱ्यांच्या भट्टीपाशी जाऊन उभा राहायचा. माहूरच्या यात्रेत असो की शिरूर अनंतपाळच्या लग्नात, आधी भट्टी. म्हणायचा, "समोर बसलेला ऐकायलाच आलेला असतोय. भट्टीपाशी माणूस कामात असतोय. त्याच्या कानात शिरलं तर खरं." बाकीचे हसायचे, वाजवायला बोलावलंय का जेवायला म्हणून चिडवायचे. दादा भट्टीपाशी खरंच एखादं भजं तोंडात टाकून यायचा, त्यामुळं चिडवणाऱ्यांची सोय व्हायची.

चार वर्षांपूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं वजन उचलायला साफ मनाई केली. आणि दादाचा आवाज होता तो गिटारचा सूर मोठा करणाऱ्या त्याच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये, दोन माणसांनी धरून जीपमध्ये चढवावा अशा लाकडी खोक्यात. ऑर्केस्ट्राच्या मालकानं गोड बोलून सांगितलं, "आता आराम करा काका. गिटारचा आवाज कीबोर्डवर पण निघतोय." दादा ते ऐकून लातुरात माझ्या घरी आला आणि दोन दिवस गिटारला हात लावला नाही. त्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा इरफाननं एका दुकानदाराकडून आठ दिवसांच्या बोलीवर गिटारचा आवाज हवा तसा घडवणारा नवा प्रोसेसर आणला. पायानं दाबायची बटणं असलेली, पाटाएवढी चपटी पेटी. नांदेडहून लातूरपर्यंत त्यानं ती मांडीवर धरून आणली. माझ्या बैठकीच्या खोलीत ठेवून म्हणाला, "उस्ताद, ह्याच्यात जगातले सगळे अ‍ॅम्प आहेत. एका हातानं उचला, बसा एसटीत, चला."

दादानं पेटीकडं बघितलं. "सगळे हायत. माझा हाय का?"

जुना अ‍ॅम्प माझ्याकडंच ठेवलेला होता. दोघांनी मोठ्या प्रेमानं पेटीची वायर त्यातच खोचली. कोणताही आवाज लावला तरी चिखल! जड, घुसमटलेला. इरफाननं दहा-वीस आवाज बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट. दादा उठला. "नेऊन दे परत. आपलं झालं वाजवून."

इरफानचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. "माहितीपुस्तक कुणी वाचलं का?" इंग्रजी पुस्तक पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. मी ते घेतलं आणि ओळ न ओळ मराठीत सांगत गेले. तिसऱ्या-चौथ्या पानावर घोळ सापडला. पेटीच्या आतच अ‍ॅम्पचा आणि स्पीकरचा आवाज तयार होत होता, आणि तो आम्ही पुन्हा खऱ्या अ‍ॅम्पमधून काढत होतो. अ‍ॅम्पवर अ‍ॅम्प चढवला होता. पेटी सरळ साउंडच्या मिक्सरला, म्हणजे साध्या स्पीकरला लावायची होती.

"म्हणजे ह्याला काढायचं मधून?" दादानं जुन्या अ‍ॅम्पवर हात ठेवून विचारलं.

"हो दादा."

त्यानं वायर स्वतःच उपसली. इरफाननं बरोबर आणलेल्या छोट्या मिक्सरवर आवाज मोकळा झाला. इरफाननं त्याचा आवडता आवाज लावला, मोठ्या सभागृहात घुमावा तसा. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. दादा म्हणाला, "छान हाय. एवढ्या मोठ्या घरात आपण कधी राहिलाव रं?" मग एक एक गोष्ट बंद करायला लावली. घुमारा काढ. खर्ज कमी कर. तासाभरानं स्वच्छ, कोरडा आवाज उरला. तरी तो मान हलवत होता. "जवळ आलंय. पर पत्रा न्हाई त्यात."

पत्रा! हे मात्र मी शिकवते. लहान जागेत आवाज भिंतीवर आपटून लगेच परत येतो. पुस्तकात बघून मी खोलीचा आकार अगदी लहान केला आणि परत येणारा आवाज थोडा किणकिणता ठेवला. "वाजव."

दादानं चार सूर वाजवले आणि डोळे मिटले. "हां... आय चुलीपाशी बसलीय बघ."

आयला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी एका मंगल कार्यालयात, पंगतीआधी, इरफान वाजवत होता आणि दादा भट्टीपाशी. मीही गेले. आधी त्यानं पेटीवर स्वतःचा घुमणारा आवाज लावला, मग दादाचा. दादानं पुऱ्या लाटणाऱ्या मावशींना विचारलं, "काय ऐकू आलं?"

मावशी लाटणं न थांबवता म्हणाल्या, "मघाशी ट्रक गेल्यावानी वाटलं. आता कोण तर बोलायलंय."

"पेटी ठिऊन घे," दादा इरफानला म्हणाला. त्यानं त्या आवाजाला नाव दिलं आणि माझ्याकडून इंग्रजी अक्षरांत टाकून घेतलं. पहिल्या नंबरवर, पत्रा.

तेराव्यानंतर इरफान पेटी घेऊन माझ्याकडं आला. मी म्हटलं, तूच वाजव, पडून राहिली तर खराब होईल. तो म्हणाला, "न्हाई ताई. मी दुसरी घेऊन राहिलोय. उस्तादचा आवाज उस्तादचा. माझा कुठला, ते मला शोधायला सांगून गेलेत." कुठवर आलं, असं विचारलं तर ओशाळून हसला. "भट्टीपाशी जाऊन येतो रोज. अजून ट्रकच जातोय."

पेटी आता माझ्या बैठकीत, जुन्या अ‍ॅम्पवर ठेवलेली आहे. शेजारी दादाची गिटार, राहिलेल्या दोन तारा मी बदलून घेतल्या. मला वाजवता येत नाही. रविवारी सकाळी स्पीकरची वायर लावते, पहिलं बटण दाबते आणि सहाही तारांवरून एकदा अंगठा फिरवते. खोलीत क्षणभर पत्रा वाजतो.

ऑपरेशननंतर दादा चार वर्षं वाजवत राहिला. शेवटचा कार्यक्रम जाण्याच्या तीन दिवस आधी, उदगीरला. पेटी त्यानं एका हातानं उचलून नेली होती, आणि वाजवलं ते स्वतःच्या आवाजात.