टिंब आणि फुली

केळीच्या ओल्या खोडाचा वास आला की मला पाट्या आठवतात. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, आणि शिरपूरजवळच्या आमच्या शाळेत आम्ही मुली त्या खोडाच्या तुकड्यानेच पाटी पुसायचो. गुरुजी चुकलेल्या शब्दाखाली नुसतं टिंब द्यायचे आणि म्हणायचे, "आठून परत ये," म्हणजे इथून पुन्हा लिहून आण. मग जमेपर्यंत पाटी पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे जायची. एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा माझ्या मैत्रिणीने 'माझी माय घरी शे' असं लिहिलं होतं आणि 'आहे'ऐवजी आलेल्या आमच्या बोलीतल्या 'शे'खाली नुकतंच टिंब पडलं होतं. साहेबांनी ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं, हसले आणि खडूने पाटीभर फुली मारली. ती रडवेली होऊन म्हणाली, "साहेब, आजून टिंबच शे." साहेब आणखीच हसले. गुरुजी मान खाली घालून उभे होते. त्यानंतर ती शाळेत आली नाही. गुरुजी तिच्या घरी जाऊन हात हलवत परत आले. परवा बाजारात ती केळी विकताना दिसली. मी मास्तरीण झाले हे ऐकून तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं व्हयनं. माले तं तव्हयच फुली पडनी."