बोल्टच्या साच्यांची चोरी

खंडेनवमी आली, की मला ती चोरी आठवते आणि आजही डोकं तापतं.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन बाहेर पडलो, तेही बडोद्यातच. त्या काळात बाहेरदेशचे पोलादी बोल्ट इतके स्वस्त यायला लागले, की आपल्याकडे नुसती सळई घ्यायलाही त्याहून जास्त पडायचं. असाच एक कारखाना बंद पडला. शेठने मशिनं विकायला काढली, तर बोल्ट ठोकायचे साचेच गायब! साच्यांशिवाय ती मशिनं म्हणजे भंगार. शेठ ठाण्यात येऊन टेबल बडवायला लागला.

"साहेब, जल्दी करो! घराक जतो रहेशे!" मशिनांचं गिऱ्हाईक हातचं जाईल, ही त्याची घाई.

खबऱ्याने सांगितलं, कुलूप शाबूत आहे आणि चावी जुन्या फोरमनकडे असायची. बडोद्याच्या वाडी भागात राहणारा मराठी माणूस. आणला त्याला. चहा पाजला, दम भरला. तर उलट मलाच म्हणाला,

"बाहेरचा माल स्वतःच्या खोक्यात भरून कोण विकतो, ते शेठला विचारा."

"ते माझ्या कलमात बसत नाही."

"मग तुमचं कलम फक्त आमच्यासाठीच का, साहेब?"

असा संताप आला! घराची झडती घेतली, माळा उपसला. काही नाही.

खंडेनवमीला ठाण्यात आम्ही बंदुकांना हार घातले. हळदकुंकू वाहताना एकदम डोक्यात आलं, हा माणूस आज कशाची पूजा करत असेल? तशीच जीप काढली. वाडीत त्याच्या घरी पाटावर लाल कापड, त्यावर तेल लावलेले साचे, वर झेंडू. इतके दिवस कुठे लपवले होते देव जाणे, पण आज बिनपूजेचे ठेववले नाहीत.

"नारळ फोडू द्या," फोरमन म्हणाला. "सरकार बाहेरच्या मालावर ड्यूटी लावणार आहे. तोवर मशिनं विकली गेली, तर कारखाना कशावर चालू होणार? आमची माणसं रिक्षा फिरवताहेत, साहेब."

फोरमनच्या घरच्या वहिनींनी प्रसाद हातावर ठेवला. खाल्ला आणि पंचनामा केला.

कोर्टाचा हुकूम येईपर्यंत साचे मुद्देमाल म्हणून आमच्या ठाण्याच्या खोलीत अडकले. गिऱ्हाईक कंटाळून गेलं. शेठने मशिनं वजनावर भंगारात दिली. आणि मग लागली ड्यूटी! फोरमन म्हणाला होता तशी.

लोक म्हणतात, सोडून द्यायचा होता त्याला. का सोडू? चोरी ती चोरी, आजही पकडीन. पण एक शिकलो. चोर सापडला म्हणजे नुकसान भरून आलं असं नाही, आणि ज्याने कारखाना बुडाला ते तर बोटीतून राजरोस पावती घेऊन उतरत होतं.

पुढच्या खंडेनवमीला जामिनावर सुटलेला फोरमन झेंडू घेऊन ठाण्यात हजर.

"साहेब, पुजू द्या."

आता याला कुठला नियम लावायचा? मी मुद्देमालाची खोली उघडली. "सील तुटता कामा नये," एवढं मात्र बजावलं.