प्रस्थानाची पिशवी

यमुनाबाईंच्या आयुष्यात बदल्या फार झाल्या. नवरा व्यंकटराव जिल्हा परिषदेत लेखनिक. पैठण, सिल्लोड, वैजापूर, कन्नड असा सारा जिल्हा दोघांनी एका ट्रंकेनिशी पालथा घातला. बदलीचा हुकूम सरकारचा असे, पण घराबाहेर पाऊल कधी टाकायचं हे यमुनाबाई पंचांग बघून ठरवत. हुकमाची तारीख आणि पंचांग जुळलं नाही, की त्या प्रस्थान ठेवत. म्हणजे आदल्या चांगल्या दिवशी सामानातली एक पिशवी, तिच्यात हळकुंड, सुपारी, अक्षता घालून, जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. पिशवी बाहेर पडली म्हणजे माणूस निघालाच, असं धरायचं. मग दुसऱ्या दिवशी वाटेत ती उचलायची आणि बिनघोर पुढं जायचं.

"देव काय जकात नाक्यावर बसलाय, पिशव्या बघायला?" व्यंकटराव म्हणत. पण पिशवी ठेवू नको, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत यमुनाबाईंचा मुलगा श्रीनिवास म्हणाला, "गुरुवारी पैठणला नाथसागराच्या काठी जायचं. मित्राचं शेत आहे. एक रात्र तंबूत राहायचं."

व्यंकटराव जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. शहरात उस्मानपुऱ्यात स्वतःचं घर होतं, वर स्लॅब होता, पंखे होते.

"घर असताना तंबूत? लोक काय म्हणतील, भाडेकरूनं बाहेर काढलं म्हणतील," यमुनाबाई म्हणाल्या.

"आजी, त्याला कॅम्पिंग म्हणतात," दहा वर्षांची नात म्हणाली.

सून भानुमतीनं कपाटाच्या दाराला यादी चिकटवली. तंबू, दांड्या, कंदील, स्टोव्ह, सतरंज्या, डासांचं मलम. यमुनाबाईंनी यादीकडं न बघता मेतकूट काढलं, उरलेल्या चकल्यांचा डबा काढला आणि चार पाट आणून सामानावर ठेवले.

"आई, पाट कशाला?"

"मग मातीत बसून जेवायचं?"

"हो. त्यासाठीच तर चाललोय."

यमुनाबाईंनी तीन पाट परत नेले आणि एक सतरंजीत गुंडाळून ठेवला.

पंचांग त्यांनी बुधवारी दुपारी उघडलं. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणं अशुभ, आणि पैठण सरळ दक्षिणेला. श्रीनिवासला सांगण्यात अर्थ नव्हता. दिवेलागणीला त्यांनी सामानातली एक छोटी खाकी पिशवी उचलली. हाताला जड लागली, ते त्यांना बरंच वाटलं. वरून सुपारी-हळकुंड टाकलं, अक्षता टाकल्या आणि त्या गल्लीच्या दक्षिण टोकाला मनकर्णाबाईंकडं गेल्या.

मनकर्णाबाई पाचोडकडच्या. नवरा इथं गिरणीत होता. तो गेला तरी त्यांनी ही गल्ली सोडली नाही. मुलगा कारभारी गावी शेती बघायचा आणि आठवडी बाजार झाला की आईला भाजी पोचती करायचा. उस्मानपुऱ्यात आल्यापासून बारा वर्षं, दक्षिणेकडं निघताना यमुनाबाईंच्या पिशव्या याच घरी राहत आल्या होत्या.

"आता कुठं निघाला वहिनी?"

"तंबूत राहायला."

"आगं बाई. घर इकलं का काय?"

दोघी हसल्या. यमुनाबाईंनी पिशवी दाराजवळच्या पाटावर ठेवली.

"बसा की जराशिक," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ह्यो उजवा हात सकाळधरनं लई जड पडलाया. कप सुटला हातातून. कसंतरीच व्हतंय."

यमुनाबाईंना त्यांच्या आईनं शिकवलं होतं, की प्रस्थान ठेवल्यावर त्या घरी बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. नाहीतर ठेवलेलं फुकट जातं.

"आता बसता नाही यायचं हो. तेल लावून शेका हाताला. परवा आले की निवांत बसते."

"व्हय, व्हय. जावा तुमी."

यमुनाबाई मागं न बघता घरी आल्या.

गुरुवारी सकाळी साडेसहाला व्हॅन भरून झाली. भानुमती यादीवर शेवटची खूण करायला थांबली आणि म्हणाली, "खुंट्या कुठायत?"

"कसल्या खुंट्या?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तंबू ठोकायच्या. लोखंडी. खाकी पिशवीत भरून ठेवल्या होत्या मी."

यमुनाबाई पदराशी चाळा करू लागल्या. श्रीनिवासनं त्यांच्याकडं बघितलं. बघताबघता त्याच्या ध्यानात आलं.

"आई. तू खुंट्यांचं प्रस्थान ठेवलंस?"

"मला काय ठाऊक आत काय आहे ते."

भानुमतीला हसू आवरेना. श्रीनिवासनं गाडी सुरू केली. "चला, जाता जाता उचलू."

मनकर्णाबाईंच्या दारासमोर त्यानं दोनदा हॉर्न दिला. दार उघडलं नाही. यमुनाबाई उतरल्या, हाका मारल्या, कडी वाजवली. पाचला उठून सडा घालणारी बाई, अंगण कोरडं होतं आणि आत दिवा जळत होता. त्यांनी दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून आत बघितलं.

पाटावर पिशवी नव्हती. पिशवी जमिनीवर ओढलेली होती आणि तिच्या बंदात डावा हात अडकवून मनकर्णाबाई पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे उघडे होते आणि खिडकीकडंच बघत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून दारापर्यंत फरशीवर तेलाचा लांब पट्टा उमटला होता. तेवढं अंतर त्या सरपटत आल्या होत्या.

पिशवी न्यायला सकाळी कुणीतरी येणारच, हे त्यांना माहीत होतं.

श्रीनिवासनं तंबूची दांडी गजांतून आत घातली आणि ढकलून ढकलून आतली कडी पाडली. व्हॅनमधलं सगळं सामान ओट्यावर फेकलं. पाट, चकल्यांचा डबा, तंबू तिथंच राहिलं. मनकर्णाबाईंना सतरंजीवर घेऊन व्हॅन घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या तरुण डॉक्टरनं तपासत तपासत विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?"

"आम्हाला सकाळी सापडल्या," श्रीनिवास म्हणाला. "आधीचं कुणाला माहीत नाही."

यमुनाबाई गप्प राहिल्या असत्या, तर कुणी विचारणार नव्हतं.

"काल सकाळपासून," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला मला सांगितलं त्यांनी. हात जड पडलाय म्हणाल्या. कप पडला म्हणाल्या."

डॉक्टरनं मान वर केली. "तुम्ही तिथं होता?"

"हो."

"मग?"

"मला बसता येत नव्हतं," यमुनाबाई म्हणाल्या.

डॉक्टरला ते कळलं नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो आत गेला. श्रीनिवासला मात्र कळलं.

मनकर्णाबाई वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वीस दिवसांनी कारभारी त्यांना पाचोडला न्यायला आला, तेव्हा एकच शब्द परत आला होता.

यमुनाबाई खाटेशी उभ्या होत्या. खुंट्यांची पिशवी मनकर्णाबाईंकडून घरी आणल्यापासून त्यांनी तिच्यातली सुपारीही काढली नव्हती. त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनकर्णाबाई, राग आलाय ना माझा?"

"व्हय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

कारभारी पलीकडून गाठोडं बांधत होता. तो म्हणाला, "काकू, मनाला लावून घेऊ नका. ती समद्यालाच व्हय म्हनती. आये, चा पेनार का?"

"व्हय."

"गावाला जायचं नाय ना?"

"व्हय."

"बगा," कारभारी म्हणाला. "गाडी आलीया खाली. आता निघावं लागंल."

यमुनाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी मनकर्णाबाईंचा उजवा हात मांडीवर घेतला. खरंच जड होता. दुसरा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. त्याचंही उत्तर काय येणार ते माहीत होतं, म्हणून त्यांनी तो विचारला नाही. खाली गाडीवाला हॉर्न देत होता, आणि कारभारीनं दोनदा म्हटलं तरी त्या उठल्या नाहीत.