विठ्ठलवाडीची सरळ रेघ

जयंत म्हात्रेमुळे माझी नोकरी गेली होती.

आज सकाळी जयंत गेला.

जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आहे. ती टाकणाऱ्या अर्ध्यांना त्याने कंपनी का सोडली हे माहीत नाही. उरलेल्यांना माहीत आहे, पण ते मूग गिळून बसलेत. म्हणून मी लिहितेय.

नव्वदीच्या शेवटची वर्षं. कंपनीचं ऑफिस माजिवड्याला, फॅक्टरी कोलशेतला, गोडाऊन विठ्ठलवाडीला. मी गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बाहेर जाणाऱ्या मालाचं चलन बनवायचे. माझा कॉम्प्युटर लीज्ड लाइनने, म्हणजे भाड्याच्या खास टेलिफोन लाइनने, माजिवड्याच्या सर्व्हरला जोडलेला. चलन निघालं की ट्रक सुटायचा.

आणि चलन निघायचंच नाही. स्क्रीन तसाच थिजून राहायचा. खाली ड्रायव्हर बोंबलायचे, फोनवर मॅनेजर.

"सर, लाइन अडकतेय."

"लाइन नाही, तू अडकतेस. ग्राफ बघितलास का?"

तो ग्राफ जयंतने लावला होता. जयंत कोलशेतचाच, आगरी घरातला, वडील मिठागरावर राबलेले. डिप्लोमा करून नेटवर्कला लागलेला. त्याने तिन्ही ठिकाणच्या राउटरवर मॉनिटरिंग सुरू केलं. लाइनला उशीर किती होतो, डेटा किती गळतो, हे राउटरला विचारायचं आणि त्याच्या उत्तरांची रेघ काढायची.

बाकीच्या रेघा वरखाली व्हायच्या. विठ्ठलवाडीची मात्र तळाला चिकटून सरळ. उशीर शून्य, गळती शून्य.

मॅनेजरांनी ती रेघ भर मीटिंगमध्ये दाखवली. "लाइन सोन्यासारखी आहे. बाई कामचुकार आहे."

मला काढलं.

डोंबिवलीत तेव्हा अशी बातमी घरी पोचायच्या आधी बिल्डिंगमध्ये पोचायची. मी इंटरव्ह्यू देत फिरले, पण चौकशीचा फोन शेवटी त्याच मॅनेजरकडे जायचा. एका ठिकाणी तोंडावर विचारलं, "तिथे काम टाळायचात म्हणे?"

आई तर एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "थोडं तरी तुझं चुकलं असेल ना गं?"

त्या दिवसापासून मलाच माझा भरवसा वाटेना. खरंच मी मंद आहे का? चुकीची बटणं दाबत होते का? नोकरी जाण्यापेक्षा हे वाईट होतं.

मग एका रविवारी दुपारी जयंत दारात उभा. आईने पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"नलिनी, तुझी लाइन खरंच मरत होती."

तो बोलत राहिला.

हे मॉनिटरिंग राउटरच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनलाच जमायचं. जुन्याला तो प्रश्नच कळत नसे. उत्तर नाही आलं की ग्राफ काढणारा प्रोग्रॅम तिथे शून्य भरायचा. जयंतने तिन्ही राउटर माजिवड्याच्या टेबलावर तपासले होते. पण पाठवताना गोडाऊनसाठीचा नवा राउटर फॅक्टरीने ठेवून घेतला आणि त्यांचा जुना गोडाऊनला आला. मॉडेल तेच, डबा तोच, आतलं सॉफ्टवेअर जुनं. लाइन चालू झालेली दिसली म्हणून जयंत विठ्ठलवाडीला आलाच नाही.

"शून्य उशीर कधी असतो का? समोरच्याला हाक मारली तरी वेळ लागतो. मना कळाला पायजे होता गो. माजी चूक हाय."

ऑफिसात शुद्ध बोलणारा जयंत आमच्या घरात घरचं बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरांना स्क्रीनसमोर बसवलं आणि गोडाऊनला फोन करून राउटरची केबल काढायला लावली. लाइन पूर्ण बंद. रेघ तशीच, सरळ.

मॅनेजर म्हणाले, "व्हर्जन बदल आणि विषय संपव."

"तिला परत बोलवा. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा, की चूक जयंतची होती."

"तिला बोलावलं तर मी खोटा ठरतो."

जयंतने त्याच दिवशी राजीनामा दिला. मला हे त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर फोनवर सांगितलं. मला त्याचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. संताप आला. मी सांगितलं होतं का तुला? माझी गेली ती परत आली नाही, वर तुझीही गेली. कोणाचं काय भलं झालं?

महिन्याभरात विठ्ठलवाडीला नवं व्हर्जन पडलं. रेघ उड्या मारायला लागली. मॅनेजर म्हणाले म्हणे, "लाइन हल्लीच बिघडलीये."

मी पुढे टायपिंगचे क्लास घेतले. जयंतने गावात मिक्सर-पंख्यांचं दुकान टाकलं. नेटवर्कला पुन्हा हात लावला नाही. आम्ही पुन्हा भेटलो नाही.

आज कोलशेतला गेले. त्याच्या बायकोने, सुनंदाने, मला याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं तशी माझा हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

"ताई, आमचं लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मना सांगितलेलं. माझ्या चुकीनं एका पोरीवर आळ आला, आणि मना तो पुसता नाय आला. हे चालत असेल तरच हो बोल."

"मग?"

"मी बोलले, त्यात काय एवढं? नोकऱ्या येतात नि जातात." ती पदराने डोळे पुसत राहिली. "त्यावर ते परत कधी एक शब्द बोलले नाय माझ्याशी."

जयंत, सगळे मला हेच म्हणाले. आई म्हणाली, नवरा म्हणाला, आता मुलंही म्हणतात. त्यात काय एवढं.

ते किती होतं हे जगात तुला एकट्याला कळलं होतं. आता ते माझं मलाच माहीत.

मी तुला माफ केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण आज तुझ्यासाठी रडले, पोटभर रडले.

जा आता. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.

— नलिनी