मागचं दार, पुढचं दार: लॉकडाऊनमधलं झेलँड

लॉकडाऊनचं दुसरं वर्ष. फेल्डहोवन या डच गावातल्या घरात बसून बसून मी आणि नवरा, अनिरुद्ध, एकमेकांना नको झालो होतो, म्हणून झेलँड प्रांतात समुद्राच्या बांधालगतचं एक छोटं घर वीकेंडसाठी बुक केलं. खरं कारण मात्र मानसी. माझी कॉलेजची मैत्रीण, ब्रेडात एकटी राहते. तिचे बाबा नुकतेच पुण्यात वारले. तिला जाता आलं नाही. अंत्यविधी मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसली. तिला एकटं सोडायचं नव्हतं.

अडचण एवढीच, की तेव्हा सुट्टीच्या घरात एकाच कुटुंबानं राहायचा नियम होता. शेजारच्या तोनकाकांना विचारलं. ते पक्के ब्राबांतचे, म्हणजे आमच्याच प्रांतातले, कॅथलिक. इथे पुढचं दार पोस्टमनसाठी, घरची माणसं मागून येतात. सरकारनं घरी एकच पाहुणा चालेल म्हटल्यावर काकांनी मान डोलावली होती आणि बागेतून भावंडांचं लटांबर आत घेतलं होतं. आताही मोजायला कोण येतंय, म्हणाले. मला हे फार जवळचं वाटतं. आपणही सरकारला लांबूनच नमस्कार करतो.

शुक्रवारी दुपारी ए-५८ हायवेनं निघालो, वाटेत मानसीला घेतलं. टोल नाही, पण वारा गाडी हलवतो, जाड जॅकेट घ्याच. बेर्गन ऑप झोम मागे पडलं की कॅथलिक मुलूख संपतो; पुढे साधी विटांची प्रोटेस्टंट चर्च. रविवारी गावात पावसुद्धा मिळत नाही, खरेदी शनिवारीच उरका. बेकरीतला बोलुस नावाचा गोड पाव मात्र सोडू नका, दालचिनी-साखरेत लडबडलेला असतो.

आमचा बेत असा, की अंधार पडेपर्यंत मानसीनं गाडीतच बसायचं. घरमालकीण यानीबाई, सत्तरीच्या, शेजारीच राहणाऱ्या. त्यांच्या खिडक्यांना पडदे ओढलेले नसतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही. किल्ली देताना त्यांनी सरळ विचारलं, गाडीत कोण आहे? अनिरुद्ध चाचरला. मग मीच सगळं सांगून टाकलं.

नियमाप्रमाणे ती राहू शकत नाही, त्या म्हणाल्या. मानसीनं मुकाट्यानं बॅग उचलली. ब्रेडाची ट्रेन मिळेल म्हणाली. मला रडूच आलं.

"थांबा," यानीबाई म्हणाल्या आणि खेमेंतेला, म्हणजे नगरपालिकेला, फोन लावला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, त्यात आम्ही इथे परमिटवर राहणारे परदेशी! फोन कशाला, आम्ही कुणाला सांगणार नाही, असं मी विनवलं.

"नियम मोडायचाच असेल, तर मी लपून मोडत नाही," त्या म्हणाल्या.

मग स्वतःचं नाव, पत्ता सांगून त्या फोनवर म्हणाल्या, "माझ्याकडे एक मुलगी आलीय. तिचे वडील गेलेत. मी तिला बाहेर काढणार नाही. दंड करायचा तर माझ्या नावावर करा."

पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या मानसीकडे वळल्या. फोनवरचा माणूस म्हणतोय, तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, त्या म्हणाल्या.

दंड होणार की नाही, ते तो बोलला नाही. पुढे झालाही नाही.

शनिवारी बांधावरून खूप चाललो. यानीबाई ठरलेलं अंतर राखून सोबत होत्या. एरवी बाई नियमाला इतक्या पक्क्या, की एकदाही जवळ आल्या नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ म्हणून कुणी नसतं. त्यामुळे सरकारपुढेही आपला जबाब आपणच द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. मला हे पटलं, पण झेपेल असं वाटलं नाही.

घरी आल्यावर हे सगळं ऐकून तोनकाका खूप हसले. त्या बाईंनी फोन करून कळवलंच कशाला? कळवलं नसतं तर नाही कोण म्हणणार होतं? त्यांचंही खरंच. परमिटवर आहे तोवर मी बहुधा त्यांच्यासारखीच वागेन.

मानसीला फोनवर हे सांगितलं. ती हसली नाही.

"तुम्ही मायेनंच लपवत होतात गं," ती म्हणाली. "पण बाबा गेलेत हे मीही ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बाईंनी एका परक्या माणसाला ते मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं."

सोमवारी तिनं मॅनेजरला फोन करून सांगितलं, आणि मीटिंगला बसली नाही.