माफीतला पहिला नंबर

पक्षकार निघून जातो, केसही निकालात निघते, पण किस्से मात्र वकिलाच्या ऑफिसातून हलायला तयार नसतात. पांढुर्ण्यातल्या माझ्या ऑफिसात सध्या सगळे संत्र्याचेच जमलेत!

\* \* \*

आमच्याकडचे चार संत्रा-व्यापारी लिलावाआधी चहा पिता पिता भाव ठरवून टाकायचे. मग लिलावात एकाने बोली लावायची, तिघांनी आभाळ बघायचं! एकदा सौंसरच्या शेतकऱ्याने वैतागून विचारलं, "काऊन हो, तुमचे घसे बसले का?"

त्यांच्यातले बाबाराव गंभीरपणे म्हणाले, "मौनव्रत आहे."

"तिघायचंही?"

"हो. सामूहिक!"

\* \* \*

मग दिल्लीहून या संगनमताची चौकशी सुरू झाल्याची बातमी आली. बाबाराव घामाघूम होऊन माझ्याकडे आले. मी समजावलं, "संगनमत जो सगळ्यांत आधी स्वतःहून कबूल करेल, पुरावे देईल, त्याचा पूर्ण दंड माफ होऊ शकतो. दुसऱ्याला सूट कमी."

बाबाराव खुलले. "मंग आमी चौघं मिटिंग घेऊन संगंच पहिले येतो ना!"

"पहिला नंबर एकालाच मिळतो," मी म्हणालो.

\* \* \*

दुसऱ्या दिवशी बाबाराव एकटेच, तोंडाला दुपट्टा गुंडाळून माझ्याकडे यायला निघाले. जिन्यात तसाच दुपट्टा गुंडाळलेले देवराव भेटले. देवराव म्हणजे त्या चौघांपैकीच एक, आणि बाबारावांचे व्याही! बाबारावांची मुलगी त्यांच्याच घरी दिलेली.

माझ्या शेजारी दातांचा दवाखाना आहे.

"दाढ दुखून राहिली," बाबाराव म्हणाले.

"माहीपण!" देवराव म्हणाले.

आता एकमेकांना सोडून जाणार कसं? दोघंही डॉक्टरकडे शिरले. बाबाराव माझ्याकडे आले ते तोंडात कापूस घेऊन. धडधाकट दाढ गेली होती, आणि बोलता येईना म्हणून कबुलीही लांबली!

\* \* \*

शेवटी बाबारावांनी माझ्यासमोर स्पीकरवर दिल्लीच्या चौकशी कार्यालयाला फोन लावला. अधिकारी मराठी जाणणारे निघाले. "तुम्हीच पहिले आहात. पुरावे पाठवा, दंड पूर्ण माफ होऊ शकतो," ते म्हणाले.

बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभराचा धंदा वाचत होता. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

"म्हंजे आमचे व्याही अजून आले नाही?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना, तुम्हीच पहिले."

बाबाराव ताडकन उभे राहिले. टोपी सारखी केली.

"मंग साहेब, मले दोन नंबरवर घ्या. पहिला त्यायच्यासाठी राखून ठेवा. आमी मुलीवाले आहो!"